पडद्याच्या मागून पाहिलेला सिनेमा

सून अंगणात भाजी निवडत होती आणि मी तिच्याजवळ बसून तुरी पाखडत होते. तिचा मोबाइल पाटीला टेकवून उभा केलेला होता. त्यात शहरातला एक पोरगा बोलत होता. जुने पडलेले सिनेमे घ्यायचे आणि त्यांची टिंगल करायची, हे त्याचं काम. माझं तिकडं ध्यान नव्हतं.

"आता बघा मित्रांनो," तो म्हणाला, "नवरा मेलाय. दीर घर बळकवायला दारात आलाय. आता काय होणार? भांडण? मारामारी? नाही! बाई भाकरी करणार. ही पहिली. ही दुसरी. उठू नका, अजून पीठ शिल्लक आहे. अरे, हा सिनेमा आहे का खानावळ?"

सून हसली. मी सूप खाली ठेवलं.

"मागं घे."

"काय आत्या?" आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात.

"ती बाई. परत दाखव."

तिनं मागं घेतलं. त्या पोराचं तोंड मोठं होतं आणि सिनेमा त्याच्या खांद्याजवळ काडेपेटीएवढा. बाईचे हात नीट दिसत नव्हते. पण चूल दारात मांडलेली होती, दीर आपल्याकडं पाठ करून बसलेला होता, आणि पोरगं श्वास घ्यायला थांबलं तेवढ्यात भाकरी थापल्याचा आवाज आला.

"ह्योच हाय," मी म्हणाले.

"ह्योच काय?"

"आमचा सिनेमा."

सुनेला काही कळलं नाही. तिला कळेल असं मी कधी सांगितलंच नव्हतं. मी फार बोलणारी बाई नाही. चार माणसांत माझा आवाज बाहेर येत नाही, आणि ही गोष्ट तर मी नवऱ्यालाही पुरती सांगितलेली नाही. चौथीपर्यंत शाळा झाली तेवढ्यावर लिहिते आहे, ते माझ्यापुरतं.

माझ्या धाकट्या बहिणीचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. तिच्या लग्नातला एक होता, तो तिच्या सासरी भिंतीवर होता. ती गेल्यावर तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, तेव्हा तो उतरला. उतरणारच. त्या नव्या पोरीचा त्यात काय दोष. पुढं मी एकदा बिचकत विचारलं, तर फोटो कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बहिणीचं तोंड आता मला नीट आठवत नाही. डोळे आठवायला गेले की नाक पुसलं जातं. तिची चाल आणि तिचा डावा हात मात्र आठवतो. ती डावरी होती. आणि त्या सिनेमातली बाईही डावरी होती. तिच्यासारखीच पाणी शेंदायची, तिच्यासारखीच काड्या मोडायची, तिच्यासारखीच भाकरी थापायची. म्हणून मला वाटायचं की तो सिनेमा कधी परत बघायला मिळाला, तर बहीण पुन्हा दिसेल.

पण सिनेमाचं नाव मला ठाऊक नव्हतं. केजच्या बाजारात सीडी विकणारा एक जण बसायचा. कितीतरी बाजार त्याच्यापुढून नुसतीच गेले, आणि एकदा धीर करून विचारलं.

"कोणता सिनेमा पायजे, मावशी?"

"नाव न्हाई ठाऊक. त्यात एक बाई भाकरी करती."

तो आणि त्याच्याजवळचे दोघे हसले. "मावशी, सगळ्याच सिनेमात करतेत. हिरॉईन कोण हाय?"

मला हिरॉईनही ठाऊक नव्हती. मी मान खाली घालून निघून आले, ती परत कुणाला विचारायला गेले नाही.

माझं माहेर लिंबागणेशच्या बाजूला. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यावरून परत आली की उन्हाळ्याच्या तोंडाला गावोगाव जत्रा भरायच्या, आणि जत्रेत सिनेमाचा तंबू यायचा. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा बांधलेला असायचा. एका बाजूला गडी माणसं बसायची, यंत्राच्या अंगाला. पडद्याच्या पलीकडं, मागच्या अंगाला, बायका. पातळ कापडातून चित्र इकडंही उतरायचं, जरा फिकं. गड्यांकडं आणि बायकांकडं जायच्या वाटाही वेगळ्या. पडद्यावर अक्षरं आली की ती मागून उलटी दिसायची. ते सगळ्या बायांना ठाऊक होतं, कुणी त्याचं नवल करायचं नाही. तशाही वाचणाऱ्या आमच्यात दोघी-तिघीच.

तंबूवाले नवे, चाललेले सिनेमे कुठून आणणार? शहरात पडलेले, पेपरवाल्यांनी नावं ठेवलेले, कुणाला नको झालेले सिनेमेच जत्रेत यायचे. आम्हाला ते पडलेले आहेत हे ठाऊकच नसायचं. आमच्यापुढं आला तोच सिनेमा.

त्या वर्षी मी पहिलं मूल घेऊन माहेरी आले होते. आई, मी, बहीण अशा तिघी गेलो. वडील गड्यांकडं बसले.

त्या सिनेमात गाणं नव्हतं. सुरुवातीपासून ती बाई नुसती काम करत होती. नवरा गेलेला, माळावर एकटं घर. ती उठते, शेंदायला जाते, घागर ठेवते, कडबा तोडते, चूल पेटवते, आणि जेवढा वेळ खरोखर लागतो तेवढा वेळ ते चालतं. आडाची दोरी वर येईपर्यंत आपणही बघत बसायचं. थोड्याच वेळात पडद्यापलीकडून गड्यांच्या शिट्ट्या सुरू झाल्या.

"आय ऑपरेटर, झोपला का बे?"

"आरं, घरी बी हेच बघतो, हितं बी हेच!"

बरेच गडी उठून कुस्त्या बघायला निघून गेले. आमच्या बाजूची एकही बाई उठली नाही.

"ताई," बहिणीनं मला कोपरानं ढोसलं, "माझ्यावाणी हाय बघ ती. डावरी."

मी बघितलं, तर खरंच. शेंदताना डावा हात वर. कोयत्याला डावा हात. चुलीत फुंकायची फुंकणी डाव्या हातात. तोवर मी नुसती बाई बघत होते, हात बघितलाच नव्हता. आमच्या पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पदर बी उलट्या खांद्यावर हाय गं तिचा." तिची जाऊ म्हणाली, "तिकडच्या मुलखात घेत आसतील."

मग तो दीर आला. घर खाली कर, माझ्याबरोबर चल, असं सांगायला आलेला. ती म्हणाली, "पीठ मळून ठेवलंय. जेवून घ्या." आणि ती भाकरी करायला बसली. तो पाठमोरा बसून होता आणि आपल्याला दिसत होती ती एकटी. थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायची, उलटायची, निखाऱ्याला लावायची. सगळं सावकाश. मग तिनं ताट केलं आणि वाढलं. डाव्या हातानं.

बायांत एकदम आवाज उठला.

"आगं बया! डाव्या हातानं वाढती!"

"वाढू दी की! त्याला तसंच पायजे."

"उजवा हात हाय त्याच्या लायकीचा? घर बळकवायला आलाय मुडदा!"

टाळ्या पडल्या. दीर जेवत राहिला, ती भाकरीवर भाकरी वाढत राहिली, आणि शेवटी तो हात धुऊन, काहीएक न बोलता निघून गेला. तिनं दार लावून घेतलं. सिनेमा संपला. बाया उठेचनात. पुढची म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. मी बहिणीकडं बघितलं. ती पडद्याकडं बघतच नव्हती. ती आईकडं बघत होती.

आईचं सांगायला पाहिजे. आईनं त्या हातापायी बहिणीचे फार हाल केले. वाईट बाई नव्हती, पण तिला त्या हाताची भीती वाटायची. जेवताना बहिणीचा डावा हात फडक्यानं कंबरेला बांधायची. देवाचा प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून गरम उलथन्याचा चटका दिलेला मला आठवतो. तरीपण काम घाईचं असलं की हात आपोआप डावाच पुढं यायचा. बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांना तिनं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या दिला. त्यातल्या म्हाताऱ्या बाईनं तांब्या न घेताच खाली ठेवायला लावला. पुढचं बोलणं काही झालंच नाही. आई त्या दिवशी मारायची पण राहिली. नुसती बसून होती. ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

सिनेमा बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी बहीण जेवायला बसली. आई फडकं आणायला उठली नाही. थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आसतेत म्हंजी अशा बाया. सिनेमात घेतली म्हंजी आसतेतच." आणि बहिणीला म्हणाली, "जेव. जसं जमंल तसं जेव."

बहीण डाव्या हातानं जेवली. पहिल्यांदा. मी बघत होते म्हणून लाजून तिनं पाठ फिरवली.

पुढचे पाहुणे आले तेव्हा आईनंच आधी सांगून टाकलं. "पोरगी डावरी हाय. नंतर म्हणू नका." मुलाची आई हसली. म्हणाली, "आसू द्या की. आमच्या बी जत्रंत आलता तो सिनेमा. काय वाढलं त्या बाईनं त्या दिराला!" मग दोघी बराच वेळ त्या बाईबद्दलच बोलत बसल्या. जत्रे-जत्रेतून तो तंबू फिरला होता, आणि गावोगावच्या बाया त्या डावरीला ओळखत होत्या. लग्न ठरलं. घरातल्या गड्यांनी हात बघितला नाही, हातावर बोलणंही काढलं नाही. बायांच्या सिनेमाचं त्यांना काय ठाऊक.

ती मंडळी शिरूर कासारकडची, उसाला जाणारी. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. डावरी बाई कोयत्यात कशी चालायची, म्हणून सगळे हसले. पण झालं भलतंच. उजवा माणूस डाव्या हातानं ऊस धरतो, उजव्यानं तोडतो आणि डावीकडं टाकतो. ती उजवीकडं टाकायची. दोघं शेजारशेजारच्या सरीत उभी राहिली की दोघांचा ऊस मधल्या एकाच जागी पडायचा. मोळी बांधायला गोळा करीत हिंडायला नको. एका हंगामात आमची टोळी त्यांच्या जवळच्या फडात होती, तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं. तिचा नवरा मला म्हणाला, "आक्का, ह्या हातानं माझं कंबरडं वाचिवलं." ती मागं उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. तिला हसताना बघितलं ते तेवढंच मला नीट आठवतं, आणि त्यातही तोंड पदराआड.

पुढच्या एका हंगामाला आम्ही एका कारखान्यावर होतो आणि ती लांब बेळगावच्या बाजूला. तिला ताप आला. पाचटाच्या खोपीत ती पडून राहिली. बरं वाटेल, बरं वाटेल म्हणत तिकडची माणसं थांबून राहिली. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या माणसानं आमच्याकडं निरोप आणला, तोवर तिकडं सगळं होऊन गेलं होतं. तिला तिथंच, परक्या मुलखात अग्नी दिला. आईला तिचं तोंड दिसलं नाही. मला दिसलं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं असं काही नव्हतंच. मी दुसऱ्या दिवशी फडात उभी राहिले, कारण उभं राहणं भाग होतं, आणि माझ्या हातातला कोयता उजवा आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

म्हणून मी सुनेला म्हणाले, मागं घे.

सुनेनं त्या टिंगल करणाऱ्या पोराच्या व्हिडिओतून सिनेमाचं नाव काढलं आणि त्यावरून सबंध सिनेमा काढला. जुना, मळका दिसत होता. आधी तिनं त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. संथ आहे. कंटाळवाणा आहे. कथाच नाही. शेवट कळत नाही. वाचता वाचता ती माझ्याकडं बघून थांबली. "राहू द्या आत्या. लोकं लिहितेत काई बी."

मी तोंड धुऊन आले. कपाळाला कुंकू लावलं. सून हसली, "काय आत्या, पाव्हण्याला भेटायला चालल्यावानी." मी म्हणाले, "लाव."

अक्षरं सरळ आली. मी वाचली. मग माळ आला, घर आलं, ती बाई आली. आडाजवळ गेली. पोहरा सोडला. दोरी ओढायला लागली.

उजव्या हातानं.

मला वाटलं, आता बदलेल. एखाद्या वेळेला माणूस हात बदलतो. तिनं घागर ठेवली ती उजव्या हातानं. कोयता उजव्या हातात. फुंकणी उजव्या हातात. पदर आपल्यासारखाच डाव्या खांद्यावर.

"ह्यो न्हाई," मी म्हणाले. "दुसरा काढ. ही बाई डावरी न्हाई."

"एकच हाय आत्या. ह्या नावाचा दुसरा न्हाई."

"मंग बदलला त्यांनी."

"सिनेमा कावून बदलतील?" तिनं सिनेमा थांबवला. मग म्हणाली, "तुमी बसला कुठं होता तवा?"

"बायांकडं. पडद्याच्या मागं."

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, वरचं एक पान उजेडाकडं धरलं आणि मागच्या बाजूनं मला दाखवलं. मी म्हणाले, "अक्षरं उलटी दिसतेत ते ठाऊक हाय मला. एवढी बी अडाणी न्हाई."

"मंग माणसं, आत्या?"

अक्षर उलटं झालं की लगेच कळतं, कारण ते वाचता येत नाही. माणूस उलटा झाला तरी माणूसच दिसतो. आम्ही त्या तंबूत कितीतरी सिनेमे बघितले असतील, सगळ्यांतली माणसं डावरीच दिसली असणार. पण त्या सिनेमांत बाया नाचायच्या, रडायच्या, पळायच्या. हाताकडं बघावं इतका वेळ त्यांच्या हाताला काम कुणी दिलंच नव्हतं. ह्या एकाच सिनेमानं ते दिलं. पेपरवाले ज्याला संथ म्हणतात, ते एवढंच. आणि आम्ही बायांनी तो हात बघितला, तर नेमका तोच हात खोटा निघाला. पुढं बसलेल्या गड्यांनी उजवा बघितला, मागं बसलेल्या आम्ही डावा. घरी येऊन कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्याकडं बाप लेकीशी सिनेमावर बोलत नाही, नवरा बायकोशी बोलत नाही.

सून म्हणाली, "मोबाइलमधी उलटा करता येतो आत्या. करून देऊ?"

"नको," म्हणाले आणि गोठ्यात गेले. म्हशीच्या अंगावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. बहीण दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. पहिल्या वेळी निदान रडायला माणसं होती.

दोन-तीन दिवस मी मोबाइलकडं बघितलं नाही. काम करता करता तो तंबू डोळ्यापुढं यायचा. आणि असंच एकदा, भाकरी थापताना, मला ते आठवलं. इतकी वर्षं आठवायचं कारण नव्हतं म्हणून आठवलं नव्हतं.

दीर येऊन बसला आणि ती भाकरी करायला लागली, तेव्हा माझं पोरगं रडायला लागलं होतं. बाया वळून बघायला लागल्या. मी लाजेनं अर्धी झाले. बहीण म्हणाली, "दे हिकडं. तू बघ. दादांकडं देऊन येते." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ती पोराला काखेला मारून तंबूला वळसा घालून गड्यांच्या बाजूला गेली. पोरगं काही लगेच वडिलांकडं राहिलं नसणार. ती तिथं उभी राहिली असणार. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा भाकरी होत आल्या होत्या.

मी विचारलं होतं, "लई येळ लावला?"

"बघत हुबी राह्यले जरा तिथं."

"तिकडून कसा दिसतो?"

"तसाच," ती म्हणाली.

मग ते वाढणं आलं, बायांचा गलका आला, टाळ्या आल्या. आणि ती पडद्याकडं न बघता आईकडं बघत होती.

तिला ठाऊक होतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी तो सिनेमा बघितलेली त्या तंबूत ती एकटीच. तिनं तो उजवा हात बघितला आणि परत येऊन आमच्या अंधारात बसली, आणि बाया डाव्या हाताला टाळ्या देत होत्या, आणि आईचं तोंड बदलत होतं. ती काही बोलली नाही. आता आठवून बघते तर त्या दिवसानंतर "ती माझ्यावाणी हाय" हे तिनं कधीच म्हटलं नाही. ते मी म्हणायचे. आई म्हणायची. तिची सासू म्हणायची. ती नुसती हसायची. आम्हाला वाटायचं, लाजते.

काल मी सुनेला म्हणाले, "लाव तो सिनेमा."

"उलटा का सरळ?"

"सरळ."

आता खरं लिहिते, की तो सिनेमा चांगला आहे. कुणी काही म्हणो. मागून बघितला तेव्हा ती बाई चिडलेली वाटली होती, डाव्या हातानं वाढून दिराचा अपमान करणारी. आम्ही त्यावरच खूश झालो. पुढून बघितलं की ती घाबरलेली दिसते. उजव्या हातानं, मान राखून वाढते, आणि तरी घर देत नाही. हे जास्त अवघड आहे. जेवलेल्या माणसाला ज्या घरचं खाल्लं त्या घरावर हात टाकता येत नाही, हे तिला ठाऊक आहे, आणि म्हणून ती सावकाश करते. जितका वेळ भाकरी चालेल तितका वेळ त्याला बोलता येणार नाही. शेवटच्या भाकरीला तर ती नुसतीच थापत राहते, पातळ झाली तरी थापते. तो पोरगा हसला ती हीच जागा. त्याला वाटलं बाई स्वयंपाक करते आहे. त्याच्या दारात कुणी असं येऊन बसलेलं नसेल, देव करो आणि कधी न बसो.

सून माझ्याजवळ सरकून बसली होती. ती हसत नव्हती. भाकरी सुरू झाल्या तेव्हा मी तिला म्हणाले, "हितं उठून गेली ती. तुज्या नवऱ्याला काखंत घिऊन."

"कोण? ह्यांची मावशी?"

"हां. हितून पुढचं तिनं असंच बघितलं. ह्या बाजूनं."

मग आम्ही दोघी बघत राहिलो. त्या बाईचा उजवा हात वर-खाली होत होता. तिथं कुठंतरी, गड्यांच्या कडेला, रडणारं पोर हलवत माझी बहीण उभी होती आणि हाच हात बघत होती. आपल्यासारखी एक बाई जगात आहे, असं तिला थोडा वेळ वाटलं होतं, आणि ती नाही, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी ते सगळं बघू शकते. पोराचं टोपरं दिसतं, तिचा कमरेला खोचलेला पदर दिसतो. तिचं तोंड तेवढं दिसत नाही. त्या वेळी तिचं तोंड कसं झालं असेल, ते बघायला मी तिथं नव्हते. मी पडद्याच्या मागं बसून टाळ्या वाजवत होते.